तिसऱ्या पिशवीची हकीकत

“मी आता जे सांगणार आहे, त्यावर तुमचा काडीचाही विश्वास बसणार नाही,” मी म्हणालो. “माझ्या बायकोचा बसला नाही, आणि ती तर मला चांगली ओळखते.”

“ओळखतात म्हणूनच बसला नसेल,” मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या.

बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचत होता. अंगात दवाखान्याचा फिकट निळा गाऊन, पायात सगळ्यांना मोठ्याच होतात तशा रबरी सपाता, आणि काखेत स्वतःची पर्स. गाऊन आणि सपाता ठीक होत्या. पर्स ठीक नव्हती. पर्स घेतलेली बाई म्हणजे निघालेली बाई.

आणि त्या निघाल्या तर माझ्या भाचीचं सगळं मुसळ केरात जाणार होतं.

भाची म्हणजे माझ्या बहिणीची मुलगी. लहानपणी ती माझ्या पोटावर डोकं ठेवून माझा श्वास ऐकत बसायची, आता तेच काम तिने मोठ्या मशीनवर चालवलंय. काही म्हाताऱ्या माणसांना जिना चढताना धाप लागते. डॉक्टर नळी लावून छाती ऐकतात, काही सापडत नाही, मग ‘वयाचं आहे’ म्हणून घरी पाठवतात. भाचीचं म्हणणं, वय म्हणजे काही आजार नव्हे. हवा आत जाते खरी, पण फुप्फुसाच्या कुठल्या कोपऱ्यात पोचतच नाही, ते डोळ्यांनी बघायला पाहिजे. त्यासाठी ती माणसाला एमआरआयच्या बोगद्यात झोपवते, झेनॉन नावाच्या वायूची पिशवी तोंडाशी देते, तो आत ओढायला लावते आणि श्वास रोखून धरायला सांगते. माणूस निश्चल राहिला की चित्र स्वच्छ येतं. जरा फुसकन सोडला, की चित्राचा चिखल.

आता गंमत अशी, की ते मशीन तिचं एकटीचं नाही. तिला जी वेळ मिळायची ती त्या दिवशी संपत होती. दुसऱ्या दिवसापासून तीच वेळ गुडघेवाल्या डॉक्टरांना. आणि भाचीला एक माणूस कमी पडत होता. फक्त एक! तो मिळाला नाही तर बाकी सगळ्यांची चित्रं कपाटात धूळ खात पडणार. तो एक माणूस म्हणजे या बाई, आणि या बाईंनी बोगद्याचं तोंड दारातून नुसतं पाहिलं आणि त्यांना एकदम आठवलं, की घरी गॅसवर दूध राहिलंय.

“बाई, शेजारी फोन करून बंद करायला सांगू या ना,” भाची म्हणाली.

“शेजारी गावाला गेलेत.” बाईंनी क्षणभर विचार केला. “शिवाय माझ्या पोटात दुखतंय.”

मी कान टवकारले. ज्या बाईंनी अख्ख्या हयातीत मुलांच्या शेकडो पोटदुख्या जागच्या जागी पकडल्या असतील, त्यांच्यावर आज ही वेळ! माणसाची पाचावर धारण बसली, की तो परत दुसरीत जातो.

गुडघेवाले डॉक्टर कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. त्यांचा एक लंगडणारा पेशंट त्यांनी एक दिवस आधीच आणून ठेवला होता. ते अगदी गोड आवाजात म्हणाले, “बाईंना जबरदस्ती नको. नसेल जमत तर आम्ही आत जातो. आमचे गुडघे पोटदुखी काढत नाहीत.”

भाचीने मला बाजूला ओढलं. “मामा, काहीतरी कर. पण हे बघ, खोटं बोलायचं नाही.”

“मग नक्की काय करू म्हणतेस?”

ती काही बोलायच्या आत शेजारच्या खोलीतून पंपाचा घरघर आवाज सुरू झाला. पिशवी भरायला लागली होती. हा वायू मोठा नाठाळ. त्याला आधी एका यंत्रात घालून तयार करावा लागतो, आणि तयार झाला की त्याची धग लगेच उतरायला लागते. तापलेल्या काचेसारखं. मला ते बरोब्बर समजतं, कारण माझा जन्म काच फुंकण्यात गेला. लाल काच नळीच्या टोकावर घेतली की ती तुमच्या मूडची वाट बघत नाही.

म्हणून मी बाईंच्या आणि दाराच्या मधे जाऊन उभा राहिलो आणि विश्वास न बसण्याबद्दलचं ते वाक्य टाकलं.

“तुम्ही कोण?” बाईंनी विचारलं.

“मी या पोरीचा मामा. तिचा पहिला पेशंट. शाळेच्या प्रयोगशाळेत ते काचेचे चंबू असायचे ना, ते मी फुंकून करायचो.”

“शंकुपात्र म्हणा. चंबू पाणी प्यायला.”

“शंकुपात्र. तर बाई, मीसुद्धा असाच गाऊन घालून इथेच उभा होतो. फक्त माझ्या गाऊनच्या मागच्या नाड्या तुटलेल्या होत्या, म्हणून मी सगळ्यांशी भिंतीला पाठ लावून बोलत होतो.”

बाईंच्या ओठांचा एक कोपरा हलला. पर्स अजून काखेतच.

“मला आत झोपवलं. छातीवर ते एक जाकीट बांधतात, त्यात तारा असतात, चित्र तेच घेतं. पोटाला एक पट्टा. पोट वर-खाली झालं की बाहेर टीव्हीवर एक रेघ वर-खाली होते, म्हणजे तुम्ही श्वास घेताय की चोरताय ते कळतं. मग भाचीने पहिली पिशवी आणली आणि तिची नळी माझ्या तोंडात दिली. आता तुम्हीच सांगा, ज्याने आयुष्यभर नळी तोंडात धरली ती कशासाठी?”

“फुंकायला,” बाई म्हणाल्या.

“फुंकली! भाची म्हणते, ‘ओढ, मामा, ओढ!’ पण गालांना कोण सांगणार? मी असा काही जोर लावला, की ती पिशवी आधी भोपळ्याएवढी झाली, मग माठाएवढी. तिने मला उचललं. मी पट्ट्यासकट बोगद्याच्या छताला जाऊन टेकलो.”

“वायू हवेपेक्षा जड आहे,” बाई म्हणाल्या. “मघाशी तुमच्या भाचीनेच सांगितलं मला. त्याने माणूस वर कसा जाईल?”

“वायूने नाही हो, माझ्या फुंकेने. ती माझी फुंकर गरम होती.”

“काहीतरीच!” असं म्हणून त्या खुर्चीवर बसल्या. हे मी मनात टिपून ठेवलं. बसलेल्या माणसाला पळायला आधी उठावं लागतं.

गुडघेवाले डॉक्टर घड्याळाकडे बघत म्हणाले, “मामा, तुमची गोष्ट किती पिशव्यांची आहे?”

“तीन. तुम्ही तिसरीत आहात, धीर धरा.” मी बाईंकडे वळलो. “दुसरी पिशवी. या वेळी मी शहाण्यासारखा ओढली. सगळी, तळापर्यंत. ऑपरेटर म्हणाला ‘धरा’, मी धरली. रेघ बघाल तर ओळंबा लावल्यासारखी सरळ. मशीन ठोकठोक करून थांबलं. सगळे पडद्याकडे धावले. फुप्फुसं काळीकुट्ट! वायूचा एक ठिपका नाही. भाची रडकुंडीला आली, म्हणाली, ‘मामा, तुला फुप्फुसं आहेत की नाहीत?’ तेवढ्यात ऑपरेटरने चित्र जरा वर सरकवलं, आणि तिथे दोन झगझगीत गोळे. हे एवढे!”

“गाल,” बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या.

“गाल! काचवाल्याची खोड. हवा गालात साठवायची, छातीपर्यंत जाऊच द्यायची नाही. मला कळलंच नाही. भाचीच्या भिंतीवर अजून ते चित्र आहे. बाहेरगावचे पाहुणे आले की ती सांगते, हा ग्रहणाचा फोटो.”

“मी असं काही सांगत नाही,” भाची म्हणाली. पण तिचं लक्ष बाईंच्या हाताकडे होतं. हसता हसता बाईंनी पर्स काखेतून काढून मांडीवर ठेवली होती.

“मग तिसरी?” बाईंनी विचारलं.

नेमका तेव्हाच पंप थांबला. ऑपरेटरने दारातून डोकं काढलं. “पिशवी होत आलीय हो. मॅडम येताय का? धग उतरली की काही उपयोग नाही.”

बाईंचा चेहरा परत उतरला. मी पटकन पर्सला हात घातला. “द्या इकडे. पर्सला कड्या आहेत, लोखंड आत चालत नाही. केसातल्या पिनासुद्धा द्या.”

“पण तिसरीचं काय झालं?”

“ते मी आत माइकवरून सांगतो. कानाला लावायला देतात ना, त्यातून ऐकू येईल.”

“अर्धवट सोडायची सवय वाईट,” बाई म्हणाल्या आणि पिना काढू लागल्या. एकेक पीन माझ्या तळहातावर अशी ठेवत होत्या, जणू जप्तीचा माल. शेवटची पीन ठेवताना त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, “अहो काचवाले, आत अंधार असतो का हो?”

त्या आवाजात थट्टा नव्हती. मीही थट्टा केली नाही. “उजेड असतो. वाराही सोडतात. आणि हातात एक रबरी गोळा देतात, तो दाबला की तुम्हाला लगेच बाहेर काढतात. मी तो तीनदा दाबला होता.”

“घाबरून?”

“हो.”

एवढं एक मात्र मी तिथे खरं बोललो. बाईंनी मान हलवली आणि आत गेल्या.

ऑपरेटरच्या खोलीत, मधल्या काचेच्या अलीकडे, आम्ही तिघं. ऑपरेटर खुर्चीत, मी त्याच्या मागे पर्स पोटाशी धरून, आणि माझ्या मानेवर श्वास सोडत गुडघेवाले डॉक्टर. काचेच्या पलीकडे भाची बाईंना जाकीट बांधत होती. बाई टेबलावर अशा आडव्या पडल्या होत्या, जसं काही त्यांनाच कोणी बाकावर उभं केलंय. टेबल आत सरकलं. आता फक्त सपाता काढलेले पाय दिसत होते, अंगठे छताकडे.

“आधी साध्या हवेवर सराव,” ऑपरेटर माइकमध्ये म्हणाला. “श्वास घ्या. सोडा. घ्या. धरा.”

टीव्हीवरची रेघ वर गेली, थांबली, आणि मशीनने ठोकायला सुरुवात केली मात्र, रेघ पतंग कटल्यासारखी खाली आली. घंटा वाजली. बाईंनी गोळा दाबला होता.

“मला बाहेर काढा,” स्पीकरमधून आवाज आला. शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज नव्हता तो. पहिल्या बाकावरसुद्धा ऐकू आला नसता. “मला दूध बघायचंय.”

ऑपरेटरने टेबल बाहेर घेतलं. भाचीने त्यांचा हात धरला, काहीतरी समजावलं. बाई मान हलवत होत्या, आडवी. पलीकडच्या खोलीतून मदतनीस पिशवी घेऊन आली. पारदर्शक, साधी, आत काही आहे असंही वाटू नये अशी. भाचीने ती हातात घेतली आणि काचेतून माझ्याकडे पाहिलं. लहानपणी फुगा हातातून सुटला की ती जशी बघायची, तशी.

“बस,” गुडघेवाले डॉक्टर म्हणाले. “झालं तेवढं पुरे. वायू उतरतोय. मी माझ्या पेशंटला उठवतो.”

“त्याला आधी त्याचा गुडघा सापडू दे,” मी म्हणालो आणि माइकचं बटण दाबलं. “बाई, तिसरी पिशवी!”

टेबलावरचं डोकं थांबलं.

“तिसरी पिशवी मी ओढली, बाई, आणि धरली. ऑपरेटर म्हणाला होता थोडा वेळ. मी म्हटलं, थोडा वेळ काय, काचवाल्याचा श्वास बघा. मशीन ठोकून ठोकून दमलं, बंद पडलं. मी धरलेलीच. ऑपरेटर चहा पिऊन आला.”

“मी चहा पीतच नाही,” ऑपरेटर पुटपुटला.

“त्या दिवशी प्यायला. मी धरलेलीच. गुडघेवाल्या डॉक्टरांचा पेशंट वाट बघून बघून कंटाळला आणि चालत घरी गेला. चालत, बाई! त्याचा गुडघा बसल्या जागी बरा झाला. डॉक्टरांनी अजून मला क्षमा केलेली नाही.”

डॉक्टर माझ्या मानेमागे काहीतरी बोलले. ते छापण्यासारखं नव्हतं.

टेबलावर बाईंचं पोट हललं. रेघेवरही दिसलं ते, छोट्या छोट्या लाटा. ती भीती नव्हती. मला हसण्याची रेघ ओळखू येते.

“पुढे?” स्पीकरमधून आवाज आला.

“पुढचं तुम्ही पिशवी ओढल्यावर.”

“तुम्ही फार आगाऊ आहात.”

“बायको हेच म्हणते.”

बाईंनी आत बघितलं, वर बघितलं, आणि मग त्यांचा हात हलला. सरकवा म्हणत होत्या. टेबल आत गेलं. भाची बोगद्याच्या तोंडाशी वाकली, नळी बाईंच्या ओठांत दिली आणि काचेतून माझ्याकडे बोट रोखलं. अर्थ सरळ होता, आता एक शब्द काढलास तर मामा आणि भाची हे नातं संपलं. मी दोन्ही हात वर करून दाखवले. एका हातात पर्स होती.

“श्वास सोडा,” ऑपरेटर म्हणाला. “पूर्ण सोडा. आता पिशवी ओढा. ओढा, ओढा, ओढा. आणि धरा.”

पिशवी चपटी झाली. रेघ वर चढली आणि थांबली. मशीनने ठोकायला घेतलं. पडद्यावर वरून एक पट्टी उजळली, मग तिच्याखाली दुसरी. मी आयुष्यात हजारो काचा आकाराला येताना पाहिल्यात, पण माणसाचा श्वास असा पट्टी-पट्टीने उतरताना पाहिला, की बोलणं सुचत नाही. मलासुद्धा.

फार वेळ नाही अर्थात. कारण रेघेचं टोक थरथरलं.

एकदा, मग परत. बाईंना मशीनच्या आवाजाने धरलं होतं. चित्र अर्धंच झालं होतं. ऑपरेटरने दात आवळले. गुडघेवाले डॉक्टर दाराकडे वळले. भाची बाईंचा पाय धरून उभी होती आणि तिचे डोळे मिटलेले होते. अजून एक थरथर, आणि श्वास सुटणार, पिशवी संपणार, आणि उद्यापासून या काचेतून फक्त गुडघे दिसणार.

मी बटण दाबलं.

“आणि बाई,” मी अगदी हळू, कानात सांगितल्यासारखं म्हणालो, “तिसऱ्या पिशवीच्या वेळी सगळ्यांना वाटलं मी गेलो. ऑपरेटर रडवेला होऊन म्हणाला, ‘मामा, जिवंत आहात का?’ तेव्हा मी, श्वास तसाच्या तसा छातीत धरून, एक कणही न सोडता, त्याला म्हणालो, ‘घाई करू नकोस रे, चित्र नीट काढ. माझ्या भाचीचं काम आहे.’ आणि मग त्याला माझ्या लग्नाची अख्खी हकीकत सांगितली. श्वास धरूनच.”

भाचीने डोळे उघडले. ती मला कच्ची खाणार होती.

पण रेघ!

रेघ ताठ झाली होती. थरथर गेली. बोगद्यातून बाहेर आलेल्या पायांचे अंगठे असे वळले, की मला माझ्या शाळेची आठवण झाली. हे असे अंगठे मी ओळखतो. वर्गात कोणीतरी धडधडीत चूक केलीय, बाईंना ती दिसलीय, आणि बाई पोराला वाक्य पुरं करू देताहेत. त्यांना बोलायचं होतं. एवढं बोलायचं होतं की टेबल हादरायला हवं होतं. पण ‘धरा’ सांगितलं होतं, आणि सांगितलेलं मोडणाऱ्यांत त्या नव्हत्या. त्यांच्या छातीत श्वास नव्हता आता, माझी चूक होती, आणि ती त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

पडद्यावर तिसरी पट्टी उजळली. चौथी. दोन्ही फुप्फुसं खालपर्यंत उतरली. डाव्या बाजूला, तळाशी, नखाएवढा एक काळा कोपरा. तिथे हवा पोचत नव्हती. भाचीने तो काचेतून पाहिला आणि तोंडावर हात ठेवला. इतक्या स्वच्छ कडा आजवर आल्या नव्हत्या. गुडघेवाले डॉक्टर दारातून परत आले आणि माझ्या खांद्यावरून बघत म्हणाले, “अरे वा.” बिचाऱ्यांच्या तोंडून निसटलंच.

ठोकठोक थांबली.

“सोडा, मॅडम,” ऑपरेटर म्हणाला. “झालं.”

आणि त्या जड वायूने माणसाचा आवाज काय होतो ते मी विसरलोच होतो. बोगद्यातून एक आवाज आला, विहिरीतून यावा तसा, खर्जातला, भारदस्त, दहा मुख्याध्यापक एकाच वेळी उभे राहिल्यासारखा. काचेवर ठेवलेला माझा तळहात थरथरला.

“खोटं!” तो आवाज म्हणाला. “साफ खोटं! अहो काचवाले, श्वास रोखलेला माणूस बोलेल कशाने?”